टाकी कुणी घासली

टँकरवाल्यानं नळी ओढत मागच्या अंगणात आणली, टाकीभोवती एक चक्कर मारली आणि नळी पुन्हा गुंडाळायला घेतली.

"काय झालं?" दादानं विचारलं.

खिशातली किल्ली काढून टँकरवाल्यानं टाकीच्या पोटाला खालून एक ओरखडा काढला. तळहाताएवढी खपली सुटली आणि चिखलात पडली. खपलीची आतली बाजू ओली होती, काळी, शेंबडासारखी तार धरणारी.

"ह्यात मी थेंब टाकणार नाही," तो म्हणाला. "नळ गळतोय. एक पाय खचलाय. टाकी तुमच्या खिडकीखाली, आणि उतारावर तिकडं विहीर. फुटली तर अर्धं तेल घरात आणि अर्धं गावाच्या पोटात."

"गेल्या साली टाकलंत की."

"गेल्या साली दुसरा ड्रायव्हर होता."

कुंपणापलीकडे शेजारी जमलेच होते. टँकर कुणाकडे थांबतो आणि कुणाकडे थांबून तसाच जातो, हे बघायला वेगळं आमंत्रण लागत नाही. मागच्या दारात आबा काठी टेकून उभे राहिले. थंडीनं त्यांचं नाक गळत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.

"ती टाकी मी बसवलीय," आबा म्हणाले. "तुझ्या जन्माआधी."

"दिसतंय ते," टँकरवाला म्हणाला.

शेजारी हसले. दादाही हसला. बापाच्या अपमानावर हसणाऱ्या नवऱ्याकडे सुनेनं पाहिलं आणि मान फिरवली.

टँकरवाला वाईट माणूस नव्हता. निघताना त्यानं सगळं समजावून सांगितलं. आधी टाकी रिकामी करायची. झाकण उघडून चांगले दिवसच्या दिवस वारं लागू द्यायचं. मग लांब दांड्याच्या खरवडणीनं बाहेर उभं राहून आतला गाळ काढायचा. जवळपास विडीकाडी नाही, ठिणगी नाही. घरापासून आणि विहिरीपासून लांब सिमेंटचा ओटा करायचा, त्याला चारी बाजूंनी कट्टा. टाकी फुटलीच तर सगळं तेल त्या कट्ट्यात राहायला हवं.

"आणि एक," तो दादाकडे बोट करून म्हणाला, "आत कुणी उतरायचं नाही. डोकंसुद्धा घालायचं नाही. आत श्वास घ्यायला काही नसतं. माणूस मांजराच्या पिल्लासारखा मरतो, आवाजसुद्धा करत नाही. बर्फ पडायच्या आधी वरच्या गावाला माझी एक खेप आहे. तेव्हा येऊन बघेन."

त्यानंतर रस्ता बंद. बर्फ वितळेपर्यंत ना टँकर, ना काही. घर तापवायला तेलाची एकच शेगडी होती, आबांच्या खोलीत, आणि ती त्या टाकीवर चालायची. आबांच्या छातीला थंडी सोसत नव्हती. सून घरी कपडे शिवायची. हिवाळ्यात बोटं आखडली की सुई धाग्याआधी कातडीत शिरायची, म्हणून डिसेंबर लागला की शिवणाचं यंत्र ती आबांच्या खोलीत ओढून न्यायची. म्हणजे तेल सगळ्यांनाच हवं होतं. फक्त टाकीला हात कुणी लावायचा, हे ठरायचं होतं.

"आपण दोघं करू," दादा म्हणाला. "दोन दिवसांचं काम."

हातपंपानं तेल पिंपात काढायचं होतं. पहिलं पिंप दादानं भरलं. वरचं तेल पातळ आणि पिवळसर होतं, बरं होतं. मग दादाचा खांदा भरून आला आणि तो शेजाऱ्याकडून दांडा आणायला गेला. दुसरं पिंप सुनेनं भरलं. तेल गढूळ झालं, मग त्यात पाणी आलं, आणि मग पंप ढेकर दिल्यासारखा आवाज करायला लागला.

झाकणाचे बोल्ट गंजून धरले होते. ते सुटले तेव्हा जो वास बाहेर आला, तो नुसता तेलाचा नव्हता. तेल सगळ्यांच्या ओळखीचं असतं. हा वास मेलेल्या, साचलेल्या, वर्षानुवर्षं अंधारात आंबलेल्या कशाचा तरी होता. सुनेनं पदर नाकावर धरला. पदरालाही तो वास लागला, आणि आता तिच्याकडे नाकावर धरायला काही उरलं नाही.

हवेच्या नळीवरची जाळी कधीच निखळलेली. आबांना ते ठाऊक होतं. "बसवू बसवू म्हणता म्हणता राहिलं," ते खुर्चीतून म्हणाले. त्या नळीतून पाणी गेलं होतं, पालापाचोळा गेला होता आणि उंदीर गेले होते. खरवडणीच्या पहिल्याच ओढीला गाळाबरोबर एक उंदीर वर आला. केस झडलेला, फुगलेला, लोणी फासल्यासारखा गुळगुळीत. दादा लांब उडाला.

"टाक ते! टाक ना बाहेर!"

सुनेनं तो डब्याच्या पत्र्यावर घेतला आणि पिंपात टाकला. पत्र्यावर राहिलेली शेपटी तिला काडीनं ढकलावी लागली.

गाळ झाकणाच्या पिंपात भरायचा, असं ठरलं होतं. तो नंतर टँकरवाल्याची माणसं घेऊन जाणार होती. दुपारी सून पाणी आणायला गेली, तर विहिरीकडे जाणाऱ्या चरातून काळं काहीतरी सरकत होतं, वर जांभळे-हिरवे रंग मिरवत. तिनं कळशी तिथंच टाकली. हाताला आलेल्या मातीचा बांध घातला, दगड लोटले, आणि मग अंगणात आली. दादा रिकामी बादली उपडी ठेवत होता.

"चरात ओतलंत?"

"एकच बादली. पिंप भरत आलं होतं."

"खाली विहीर आहे."

"जमीन पिऊन टाकते गं सगळं. इतकी वर्षं नळ गळतोय, कोण मेलं?"

सुनेनं फावडं घेतलं आणि चरातली ओली माती खणून पोत्यात भरली. काळी माती संपून तांबडी लागेपर्यंत खणत राहिली. दादा कुंपणाशी उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, "आमच्याकडे सगळं नियमानं चालतं बघा. साहेब आहे घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं खरवडणी हातात घेतली. वेळूच्या टोकाला लाकडी फळी ठोकून त्यानं ती स्वतः केली होती आणि चांगली केली होती. पण टाकी आडवी, लांबलचक, झाकण मधोमध. दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत गाळ दह्याच्या कवडीसारखा थापून बसलेला. खरवडणी तिथवर पोचायची आणि नुसती घसरायची. ऊन डोक्यावर येईपर्यंत दादानं तीनदा शिव्या घातल्या, दोनदा चहा मागितला, आणि मग वेळू भिंतीला टेकवून टाकला.

"असं काही निघत नाही," तो म्हणाला. "हातानंच काढायला हवं. मी त्या भोकातून जाणार नाही. तू बारीक आहेस."

"तो नको म्हणाला होता."

"तो म्हणणारच. त्याचं काय जातंय? अगं, सबंध उतरू नकोस. पालथी पड, अर्धी आत जा, हात लांब कर. दोन बादल्यांचं काम आहे. कमरेला दोर बांधतो. मी दोर धरून उभा राहतो की."

"वारं तरी लागू द्या. कालच उघडलीय."

"आणि बर्फ थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

सुनेनं आबांकडे पाहिलं. आबा घोंगडीत गुरफटून उन्हात बसले होते. त्यांनी घसा साफ केला. ते काही बोलतील असं तिला वाटलं. ते थुंकले आणि म्हणाले, "लवकर आटपा म्हणजे झालं. रात्रभर उबळ येते मला."

तिनं साडी गुडघ्यापर्यंत खोचली, वर दादाचा जुना सदरा चढवला आणि टाकीवर चढली. दादानं कमरेला दोर बांधला. ती पालथी पडली आणि हाताला बादली लटकवून आत वाकली.

आत अंधार होता आणि ऊब होती. ती ऊब तिला सगळ्यात किळसवाणी वाटली. जनावराच्या तोंडात शिरावं तशी. तिनं श्वास धरला, कोपऱ्यात हात घातला. गाळ मनगटापर्यंत आला, मग कोपरापर्यंत. बोटांना काहीतरी मऊ लागलं आणि फुटलं. तिनं ओंजळ बादलीत टाकली. दुसरी टाकली. मग श्वास सोडून दुसरा घ्यावा लागला.

बाहेर फेरीवाला भांडी वाजवत आला. दादाला करवतीचं पातं हवं होतं.

"आबा, जरा धरा," असं म्हणून त्यानं दोराचं टोक आबांच्या मांडीवर टाकलं आणि तो घराच्या पुढच्या बाजूला गेला.

सुनेला आधी कानात माशा घोंगावल्यासारखं झालं. मग बादली खूप लांब गेली. आपण आता बाहेर निघायला हवं, हे तिला नीट कळलं होतं; पण ते दुसऱ्याच कुणाला तरी सांगायचं आहे असं वाटत होतं, आणि ते दुसरं माणूस ऐकत नव्हतं. तिचं कपाळ पत्र्यावर टेकलं.

आबांनी तिचे पाय सैल पडलेले पाहिले. दोर त्यांच्या हातात होता, पण त्यांची बोटं वातानं वाकडी झालेली. त्यांनी ओढला तर दोरच घोंगडीतून सरकला. त्यांनी हाका मारल्या. त्यांचा आवाज कुंपणापर्यंतही जायचा नाही.

नशीब, अक्का आली. अक्का म्हणजे दादाची थोरली बहीण; नवऱ्याच्या मागं एकटी राहायची आणि गावोगाव दुधाची गाडी चालवायची. रिकाम्या किटल्या परत द्यायला ती मागच्या दारानं शिरली आणि तिला टाकीवर दोन काळे पाय दिसले.

तिनं विचारपूस केली नाही. किटल्या टाकल्या, टाकीला पाय लावला, दोन्ही घोटे धरले आणि जोर करून ओढलं. पत्र्याच्या काठानं सुनेचं पोट आणि छाती सोलून निघाली. सून बाहेर आली ती ओल्या गोणीसारखी, आणि दोघी मिळून चिखलात पडल्या. अक्कानं तिला कुशीवर केलं आणि पाठीत थापट्या मारल्या. कितीतरी वेळानं, म्हणजे अक्काला तसं वाटलं, सुनेनं घरघरत श्वास ओढला आणि ओकली.

आवाजानं दादा धावत आला. त्याच्या हातात नवं पातं होतं, कागदात गुंडाळलेलं.

"काय झालं? काय झालं?" त्यानं बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, टाकीत डोकावल्यासारखं केलं. मग म्हणाला, "बादली आतच राहिली वाटतं."

अक्कानं त्याच्या एक मुस्काटात दिली. काळ्या हाताची पाची बोटं त्याच्या गालावर उमटली. त्यानं ती तिथल्या तिथं बाहीनं पुसली, आणि बाही बघून तोंड वाकडं केलं.

"सदरा धुतलेला होता," तो म्हणाला.

अक्कानं सुनेला न्हाऊ घातलं. शेगडी बंद होती म्हणून पाणी तापवायला चुलीत काटक्या घातल्या. आधी राखेनं, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. पाणी काळं जायचं थांबलं, पण वास गेला नाही. तो केसांच्या मुळाशी होता, नखांत होता, कानाच्या पाळीमागे होता. सुनेला जेवण गेलं नाही. घास तोंडाशी आला की हाताचा वास आधी तोंडात जायचा.

"आज माझ्याकडे चल," अक्का म्हणाली.

"आणि काम?"

"खड्ड्यात गेलं काम."

"खड्ड्यात नाही जात अक्का, ते विहिरीत जातं," सून म्हणाली. आणि मग दोघीही हसल्या. हसताना सुनेची सोललेली छाती दुखली.

त्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी शिवून नेलेला झगा परत आणला. बाई दारातच उभ्या राहिल्या, झगा दोन बोटांत धरून.

"वाईट वाटून घेऊ नका हं," त्या म्हणाल्या, "पण मुलगी घालत नाही. म्हणते, ह्याला मेल्यासारखा वास येतो."

सुनेनं झगा घेतला. बाई पायरी उतरताना हात रुमालाला पुसत होत्या.

मग सुनेनं आणि अक्कानं टाकी हातात घेतली. अक्का दूध घालून आली की दोघी कामाला लागायच्या. झाकण उघडं टाकून टाकीला वाऱ्यावर सोडलं होतं, भरपूर दिवस. आत डोकं कुणी घातलं नाही. टाकीचं एक टोक पहारीनं उचलून त्यांनी खाली दगड सारले, म्हणजे गाळ आपोआप दुसऱ्या टोकाला उतरायला लागला. मग तिकडचं उचललं. सुनेनं खरवडणीला आणखी एक वेळू जोडला, फळीच्या कडेला जुन्या टायरचा तुकडा ठोकला. तो कोपऱ्यात बरोबर बसत होता. रोज पिंपात गाळ, रोज ओकारी. ओकारीची पुढं सवय झाली. सून बाजूला जायची, तोंड धुऊन यायची आणि वेळू हातात घ्यायची.

दादानं ओटा बांधला. तो मात्र त्यानं सुरेख बांधला, हे नाकारण्यात अर्थ नाही. नळीत पाणी भरून पातळी घेतली, कोपरे काटकोनात, कट्टा आतून गुळगुळीत. सिमेंटकामात त्याला किळस नव्हती आणि लोक बघायला यायचे. तो शीळ घालत काम करायचा. सुनेला ती शीळ ऐकवत नसे. वाईट माणूस सगळंच वाईट करतो, असं असतं तर सोपं गेलं असतं.

तो तिच्याशी नेहमीसारखा बोलत होता. "मीठ कमी झालंय," "सदऱ्याचं बटण लाव." त्या दिवसाचा विषय त्यानं एकदाच काढला. "अक्कानं उगाच बाऊ केला," तो म्हणाला, "मी आलोच होतो." आबा तेव्हा समोर होते. ते ताटाकडे बघत राहिले.

टाकी आतून धुतली, सुकवली. बाहेरून तारेच्या ब्रशनं गंज काढला, तांबडा रंग दिला, त्यावर दुसरा हात. नवा नळ बसवला. हवेच्या नळीला बारीक जाळी लावली. शेजारच्या चारजणांनी मिळून टाकी लाकडी ओंडक्यांवरून लोटत नव्या ओट्यावर नेली. मग अक्कानं सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं आत थोडी हवा भरली आणि सुनेनं सांध्या-सांध्याला साबणाचा फेस लावला. टाकी नुसती चमकत राहिली. फक्त नळाच्या आट्याशी एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. सुनेनं नळ काढला, आट्यांवर फीत गुंडाळली, पुन्हा आवळला. फेस लावला. दोघी गुडघ्यावर बसून बघत राहिल्या. काही आलं नाही.

"झाली गं," अक्का म्हणाली.

सुनेला आनंद व्हायला हवा होता. तिला नुसतं झोपावंसं वाटलं.

टँकर आला त्या दिवशी आभाळ शिशासारखं झालं होतं. टँकरवाल्यानं ओट्याला वाकून पाहिलं, कट्टा पावलांनी मोजला, जाळीला बोट लावलं, नळ उघडून बंद केला. कुंपणाशी पुन्हा सगळे जमले होते. झाकण उघडून त्यानं लांबूनच विजेरीचा उजेड आत टाकला.

"वा," तो म्हणाला. "कोपरेसुद्धा लख्ख. कुणी घासली?"

"मी," दादा म्हणाला. "बाहेरून काही होत नव्हतं. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. उतरलो आत."

"तुम्ही? ह्या भोकातून?"

"श्वास धरून. कमरेला दोर बांधला होता."

शेजारी कौतुकानं माना हलवायला लागले. टँकरवाल्यानं भुवया उंचावल्या. "मी नको म्हटलं होतं," तो म्हणाला, पण आवाजात राग नव्हता. "छाती आहे बुवा."

सून पायरीवर उभी होती. अक्का दुधाच्या फेरीला गेली होती.

"आत मी गेले होते," सून म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ह्यांनी घातलं. मी बेशुद्ध पडले तेव्हा हे तिकडं पातं घेत होते. आणि घासली ती मी आणि अक्कानं. बाहेरून."

दादा हसला आणि टँकरवाल्याला डोळा मारला. "बघा. घरात कौतुक करायची पद्धतच नाही."

हशा झाला. "वहिनी, एवढं तरी श्रेय द्या की त्याला," कुणीतरी म्हणालं.

सुनेनं आबांकडे पाहिलं. "आबा, तुम्ही होतात. सांगा."

आबांनी घोंगडी सारखी केली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी मुलाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं नाही.

"हाच उतरला होता," आबा म्हणाले. "दोर मीच धरला होता."

टँकरवाल्यानं नळी जोडली. तेल टाकीत पडायला लागलं, आधी रिकाम्या भांड्यासारखा आवाज करत आणि मग भरीव, दबका. सून आत गेली.

संध्याकाळी शेगडी पेटली. ज्योत निळी होती, काजळी धरत नव्हती. आबांच्या खोलीत ऊब पसरली. आबांनी पाय पुढे केले. दादा शेगडीला पाठ लावून बसला आणि त्यानं सुस्कारा सोडला.

"सूनबाई," आबा हळूच म्हणाले, "चारचौघांत पोराची मान खाली जाऊ द्यायची नसते गं. घर असं चालतं."

सून त्यांचं अंथरूण घालत होती. तिनं चादरीची सुरकुती काढली, उशी थापटली, औषधाची बाटली हाताशी ठेवली.

"झोपा आता," ती म्हणाली.

मग तिनं शिवणाच्या यंत्राला हात घातला. यंत्र लोखंडी, जड. ते तिनं उंबऱ्यावरून एकटीनं पुढच्या खोलीत ओढून नेलं. पुढच्या खोलीत शेगडी नव्हती. फरशी बर्फासारखी होती. ती परत आली आणि आपली गादी गुंडाळली, गोधडी घेतली, कात्री घेतली, कापडाचं गाठोडं घेतलं.

"हे काय चाललंय?" दादानं विचारलं. "आता तर कुठं खोली तापलीय."

"तापलीय ना. झोपा की मग."

"आणि जेवण?"

"झाकून ठेवलंय. वाढून घ्या."

तो उठून तिच्या मागोमाग दारापर्यंत आला. त्याला खरंच कळलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आणि ते बघून सुनेला जी किळस आली, ती टाकीच्या अंधारातही आली नव्हती.

"अगं, वेडी का तू? गारठशील तिथं."

"गारठेन," सून म्हणाली आणि आतून कडी लावली.